उलटी पुरलेली बाटली

केंटकीतल्या बार्ड्सटाऊनमध्ये बर्बन, म्हणजे तिथली मक्याची व्हिस्की, पिणारे पुष्कळ, पण बर्बनवर प्रवचन झोडावं ते व्हर्लिन हॅस्केटनंच. त्याच्या कपाटात वीस वर्षं पिंपात मुरलेल्या बर्बनची एक बाटली उभी होती. दारूच्या भट्टीवर कामाला असलेला धाकटा भाऊ लॉईड ती देताना म्हणाला होता, दोघं मिळून फोडू. पण तेवढा मोठा प्रसंग काही उगवेना. लॉईडचं लग्न झालं, व्हर्लिन निवृत्त झाला, त्याच्या थोरल्या लेकाला मुलगा झाला. यातलं काहीच त्या बाटलीच्या तोलामोलाचं नव्हतं. आल्यागेल्याला तो ती उजेडात धरून रंग दाखवी, पिंपाच्या लाकडाचे गुण गाई आणि मग पेल्यात भलतीच स्वस्तातली ओती. पुढे लॉईड आजारी पडून गेला. बाटली शाबूत राहिली.

मग जनेलचं, म्हणजे व्हर्लिनच्या मुलीचं लग्न ठरलं, तेही घरामागच्या अंगणात, उघड्यावर. अशा वेळी तिथली रीत म्हणजे लग्नाच्या महिनाभर आधी बर्बनची भरलेली बाटली त्या जागी उलटी पुरायची. मग लग्नात पाऊस येत नाही, आणि लग्न लागलं की बाटली उकरून सगळ्यांनी प्यायची. त्याला कुठलीही बाटली चालते, ढगांना कुठली आलीय चव. व्हर्लिनच्या बायकोनं, ओपलनं, दुकानातून एक साधीच आणली होती. पण व्याही ड्वाइट निघाला टेनेसीचा, व्हिस्कीत केंटकीशी जुनी चढाओढ असलेल्या राज्याचा. ड्वाइटनं ती बाटली फिरवून फिरवून पाहिली आणि गोड हसून म्हणाला, "एवढंच होय, व्याहीबुवा? आधी बोलला असतात तर आमच्याकडची आणली असती."

झालं. टेनेसीवाल्यानं केंटकीत येऊन व्हिस्की शिकवायची म्हणजे भर अंगणात नाक कापल्यासारखंच. व्हर्लिन तडक आत गेला, कपाटातली बाटली घेऊन आला आणि स्वतःच्या हातानं पुरली. बर्बनची बाटली आडवीसुद्धा ठेवू नये, आतली दारू बुचाला खाते, हे त्याच्याच तोंडून ऐकून ऐकून गाव विटलं होतं. पण इथे अब्रूचा प्रश्न होता. बुचाला विचारतो कोण?

लग्नाच्या दिवशी आभाळ अगदी लख्ख होतं. लग्न लागलं, मंडळी पेले घेऊन खड्ड्याभोवती जमली, आणि घोटात चेरीची चव कुठे लागेल, तंबाखूची कुठे, हे व्हर्लिननं आधीच सविस्तर सांगून टाकलं. जावयानं माती उकरली. बाटली वर आली ती हलकीफुलकी. बुचाचा भुगा झाला होता आणि आत थेंब नव्हता.

ड्वाइट हसला नाही, तेच वाईट. त्यानं वाकून चिमूटभर माती घेतली, नाकाशी धरली आणि गंभीरपणे म्हणाला, "चेरी आहे हं, व्याहीबुवा. तंबाखूही येतोय मागून."

सगळे खो खो हसले. व्हर्लिनही नाइलाजानं हसला आणि त्यानं ओपलकडे पाहिलं. ती हसत नव्हती.

"लॉईडनं शेवटी एक घोट मागितला होता," ती हळू आवाजात म्हणाली. "तू म्हणालास, एकदा फोडली की हवा लागते. बरा हो, मग बघू."

व्हर्लिनला आठवत होतं. त्या संध्याकाळी त्यानं भावाला ती स्वस्तातलीच दिली होती. भट्टीवर जन्म गेलेला लॉईड ती प्याला आणि म्हणाला, "मस्त आहे, दादा. तूपण घे ना."