कुंकू लागले डोळ्याला

मित्रांनो, मी एक जुना यंत्रमानव आहे. नाव ऐकून माझे हातपाय शोधू नका. गोडेतेलाचा चौकोनी डबा, मोडक्या तीनचाकी सायकलीची चाके, भंगारातल्या दोन मोटारी आणि पोटात स्कूटरची बॅटरी, एवढाच माझा संसार. पण मला दोन डोळे आहेत, आणि त्यांचा मला भारी तोरा होता.

चौऱ्याऐंशी साली बेळगावच्या कॅम्पातल्या एका मुलींच्या शाळेत विज्ञानाच्या विद्युल्लताबाईंनी मला घडवले. बाईंना विजेचा झटका बसतच नाही, असे मुली म्हणत. बसत असे, पण बाई ओरडत नसत. मला त्यांनी एकच गोष्ट शिकवली होती. उजेड शोध, आड काही आले तर मागे सर, वळ आणि पुन्हा शोध. डाव्या डोळ्यावर उजेड पडला की माझे उजवे चाक जोरात फिरे, उजव्यावर पडला की डावे. वाट मात्र त्यांनी आखून दिली नव्हती. ती माझी मला काढायची होती.

मुलींना हत्यारे हातात धरून काम करता यावे, म्हणून बाईंना शाळेत एक खोली हवी होती. संस्थेचे सेक्रेटरी मारुतीराव म्हणाले, "निपाणीच्या प्रदर्शनात तुमचा डबा चालला तर खोली तुमची. न्हाय चालला तर मोटारी काढून बागेच्या पंपाला लावू." त्या मोटारींनी पंप काय, पंपावरची माशीही हलली नसती. पण सेक्रेटरींना सांगणार कोण? माझा जीव टांगणीला लागला.

प्रदर्शन एका रिकाम्या तंबाखूच्या वखारीत होते. निम्मे लोक बघत होते, निम्मे शिंकत होते. मधोमध सरस्वतीची तसबीर आणि पलीकडच्या टोकाला टेबलावर मोठा बल्ब होता. मला त्या बल्बापाशी पोचायचे होते. बाई बटण दाबणार, इतक्यात वखारीत तंबाखू निवडणारी गंगव्वा पुढे आली.

"नवी गाडी असू दे न्हायतर यंत्र, कुंकू लावल्याबिगर कुणी चालू करतंय व्हय?"

नारळ फुटला. गंगव्वाने चिमूटभर ओले कुंकू अंगठ्याने माझ्यावर दाबून बसवले. तेलाच्या डब्याचे कपाळ कुठे संपते आणि डोळा कुठे सुरू होतो, हे तिला कसे कळावे? माझा डावा डोळा गेला. पूजा झाली म्हटल्यावर मंडळींनी चपलाही दारात काढल्या.

बाईंनी बटण दाबले. डावे चाक धावू लागले, उजवे जागचे हलेना. मी सरस्वतीभोवती एक फेरी घातली, मग दुसरी.

"अगं बया! परदक्षिणा घालतंय की!" गंगव्वाने हात जोडले.

मारुतीराव अनवाणी उठून उभे राहिले. "बाई, खोली दिली! असलं यंत्र मुंबईत बी नसंल!"

मी मनात म्हणालो, बाई, आता गप्प बसा, आयती खोली मिळते आहे. बाईंच्याही मनात ते क्षणभर आले असणार. पण त्यांनी मला बंद केले.

"सर, ही प्रदक्षिणा नाही. कुंकू डोळ्यावर बसलंय, त्याला दिसत नाही." त्यांनी रुमाल काढला, तशी सगळी वखार हादरली. बायकांनी तोंडावर पदर घेतले. भर सभेत कुंकू पुसायचे? बाईंचा हात थांबला. मग त्या गंगव्वाकडे वळल्या. "आक्का, पुसायचं न्हाय. जरा वर सरकवूया. कपाळ हितं हाय."

गंगव्वा वाकून बघू लागली. "आगं आई गं, डोळ्यातच घातलं व्हय मी? मग गोल फिरंल न्हायतर काय करंल बिचारं!" तिने स्वतःच पदराने डोळा साफ केला आणि वर ठसठशीत टिळा लावला.

पुन्हा बटण दाबले. मी सरळ निघालो आणि निम्म्या वाटेत वीज गेली. बल्ब विझला.

"गेला पंपाला," मारुतीराव म्हणाले.

उकडू लागले म्हणून कुणीतरी दार उघडले आणि माझ्या डाव्या बाजूने ऊन आत आले. मी वळलो. दारात चपलांचा डोंगर होता. धडकलो, मागे सरलो, वळलो, पुन्हा धडकलो. शेवटी एक कोल्हापुरी पुढे ढकलत मी भर उन्हात जाऊन उभा राहिलो. लोक टाळ्या वाजवत मागोमाग आले.

मारुतीराव कुणाच्या तरी चपला घालून धावत आले. "बाई, भाईर जायला कुणी सांगितलं त्याला?"

"कुणी नाही सर. उजेड शोध, एवढंच सांगितलं होतं."

मारुतीरावांनी वाकून माझ्यापुढची कोल्हापुरी उचलली. "मग पोरींना बी तेवढंच सांगा," ते म्हणाले. "खोली घ्या."

त्या खोलीत आज मुली माझ्याहून हुशार यंत्रे बनवतात. मला मात्र मानाने काचेच्या कपाटात बसवले आहे. कौतुक होते, पण कुलूप निघत नाही, आणि मला फार वाईट वाटते. मित्रांनो, यंत्र कोंडून ठेवणे म्हणजे त्याला जपणे नव्हे. मला खाली उतरवा. मी भिंतीला धडकलो तर लगेच उचलायला धावू नका. थोडा दम धरा. वाट मी काढतो.