थांबा म्हणेपर्यंत

थोरलीने धाकट्या जावेला दवाखान्याबाहेरच बजावलं होतं, "हे बघ, फार आशा धरू नकोस. आपल्या बायकांचं पोट ऐकत नाही. मलाही तसंच सांगितलं होतं."

धाकटी ऐकून घेणाऱ्यांतली नव्हती. तिचं बाळ पायाळू होतं, डोकं वर आणि ढुंगण खाली, आणि दिवस भरत आले होते. वरून हाताने दाबून बाळ फिरलं तर ठीक, नाहीतर पोट फाडायचं. काही वर्षांपूर्वी थोरलीचं फिरलं नव्हतं. टाके भरून आले, पण आपल्याच पोटात काहीतरी खोट आहे हे तिच्या मनातून गेलं नाही. ही माणसं परमुलखातून येऊन वसलेली. रंगावरून, बोलण्यावरून लांबून ओळखू येत. यांच्यात बाळ फिरत नाही, असं दवाखान्यात सगळे धरूनच चालत.

मोठ्या डॉक्टरीणबाई मात्र कशालाच धरून चालत नसत. ठेंगण्या, चष्मा कपाळावर चढवलेला, जीभ तिखट. पण हात असा हलका की खाटेशेजारी उभी थोरली बघतच राहिली. पोट सैल पडायची सुई झाली, बाळाचे ठोके मोजायचं यंत्र लागलं. मग बाईंनी एका हाताने ढुंगण वर उचललं आणि दुसऱ्याने डोकं सरकवायला घेतलं.

धाकटीने अशी आरोळी ठोकली की बाहेर बाकावर बसलेला नवरा ताडकन उठला.

बाईंनी हात काढले. "पुरे. तुला सोसत नाहीये."

"कोण म्हणालं?" धाकटी उसळली. "थांबलात कशाला? आत्ता कुठे जरा हललं होतं!"

"अगं, ओरडलीस ना तू?"

"मग ओरडू नको? आमच्यात बायका ओरडूनच जोर लावतात. ओझं उचलतानाही. नको झालं की थांबा म्हणेन, तोंड आहे मला!"

या तोंडापायी घरात रोज भांड्याला भांडं लागे. आज थोरलीला त्याचा असा अभिमान वाटला की काय सांगावं! आणि बाईंचंही कौतुक वाटलं. दुसरं कुणी असतं तर फणकारलं असतं. बाई स्टुलावर टेकल्या आणि म्हणाल्या, "चुकलंच माझं. विचारायला हवं होतं. बाळाचे ठोके छान आहेत. तू थांबा म्हणालीस किंवा ठोके उतरले, तर थांबेन. तोवर खुशाल ओरड."

धाकटीने दवाखाना डोक्यावर घेतला. बाई घामाघूम झाल्या, पण हातांनी घाई केली नाही. पोट एका बाजूला कलंडल्यासारखं दिसलं, मग गोल झालं. सोनोग्राफीत डोकं खाली होतं. धाकटीला हसावं की रडावं कळेना, तिने दोन्ही केलं.

थोरली पुढे झाली. "बाई, माझ्या वेळी मीही अशीच ओरडले होते."

"मग काय केलं तेव्हाच्या डॉक्टरांनी?"

"लगेच हात काढले. पुन्हा लावलेच नाहीत."

बाईंना गोड बोलून वेळ मारून नेता आली असती. त्यांनी तसं केलं नाही. "बाळ फिरलं असतं की नसतं, ते मला नाही सांगता येणार. पण नीट फिरवून कुणी पाहिलंच नाही. पोटाला बोल लावू नका. घाई आम्ही केली."

"इतकी वर्षं मी या पोटाला शिव्या दिल्या," थोरली म्हणाली, आणि धाकटीपेक्षाही मोठ्याने रडायला लागली. बाईंनी दार लावून घेतलं आणि तिला रडू दिलं.