अकोल्याच्या कचेरीचं काम

वलगावच्या देवमनला अकोल्यात कारकुनी मिळाली ती अठ्ठावन्न साली, मुंबईच्या एका कापूस कंपनीच्या कचेरीत. घरानं बौद्ध धम्म घेऊन दोन वर्षं होत आली होती, तरी त्याच्या शेजारी बसायला कुणी तयार नव्हतं. हेडक्लार्क केशवरावांनी कुणाला न विचारता त्याची खुर्ची स्वतःच्या टेबलाशी ओढून घेतली आणि काम शिकवलं.

आठ वर्षांनी कंपनीनं मुंबईत कॉम्प्युटर बसवला. त्याचे प्रोग्राम लिहायला शिकवण्यासाठी कारकुनांची परीक्षा घेतली. अकोल्यातून एकटा देवमन निवडला गेला. कामात डोकं इतकं गुंतू शकतं, हे त्याला मुंबईत पहिल्यांदा कळलं. प्रोग्राममधली चूक सापडेपर्यंत त्याला जेवण सुचत नसे. साहेबांसमोर तो आता मान वर करून बोलू लागला.

मग पहिलं मोठं काम आलं. अकोल्याच्या कचेरीचं सगळं कामकाज यंत्रावर आणायचं होतं. तो अकोल्याला गेला, केशवरावांसमोर बसला.

"हे झालं की कचेरी बंद होईन, केशवराव. तुमाले अंधारात ठेवून काही विचारणार नाही."

केशवरावांनी हातातलं पेन खाली ठेवलं. "तू नाही केलं त?"

"दुसरा कोणी करीन."

"मंग विचार."

आठवडाभर ते सांगत होते आणि देवमन लिहून घेत होता. दिवाळीनंतर कचेरीला कुलूप लागलं. केशवराव अमरावतीला मुलीकडे राहायला गेले. त्यांनाही प्रोग्राम शिकायला घ्या, म्हणून देवमननं साहेबांना विनवलं. पन्नाशीच्या माणसाला आता काय शिकवायचं, म्हणत साहेबांनी विषय संपवला.

उन्हाळ्यात देवमन अमरावतीला गेला, तेव्हा केशवराव खाटेवर होते. अर्धं अंग लुळं पडलं होतं. त्यांची बायको गोदाबाई त्याच्याशी बोलली नाही. चहा मात्र पुढ्यात ठेवला.

"तुले ते काम आवडते काय?" केशवरावांनी अडखळत विचारलं.

खोटं बोलणं सोपं होतं. "आवडते," देवमन म्हणाला. "इतकं काहीच आवडलं नाही आजवर."

केशवरावांनी डोळे मिटले. "मले बी माहं काम आवडे."

श्रावणात ते गेले.

त्याच वर्षी अमरावतीच्या कचेरीचं काम देवमनकडे आलं. तिथल्या कारकुनांना आधी शिकवायला घ्या, मगच प्रोग्राम लिहितो, असं त्यानं साहेबांना सांगितलं. नोकरी जाईल, असं साहेबांनी बजावलं. तो हटला नाही. शेवटी कंपनीनं दोघांना घेतलं आणि देवमनची बढती रोखली. काम सुटल्यावर तो त्या दोघांना घेऊन बसे, त्यांच्या चुका त्यांनाच शोधायला लावी. त्यातला एक बरा निघाला.

अमरावतीची कचेरी बंद झाली, त्या दिवशी उरलेल्या कारकुनांनी देवमनला दारात गाठलं.

"आमी काय कराचं आता?" एकानं विचारलं.

देवमननं वाट काढली नाही. ते निघून जाईपर्यंत तो तिथंच उभा राहिला.