तीन नंबरची बाटली

मेघानं बाटली खिडकीच्या उजेडात धरली आणि विचारलं, "काका, हे अक्षर तुमचंच ना?"

धम्मानंद ट्रे धूत होते. त्यांनी न बघताच होय म्हटलं. पाणी तपासणाऱ्या या सरकारी प्रयोगशाळेतल्या एकतीस वर्षांच्या बाटल्यांत त्यांच्याच हातच्या चिठ्ठ्या होत्या. किडे टिकावेत म्हणून घातलेल्या स्पिरिटात शाई विरघळते, म्हणून चिठ्ठी पेन्सिलीनं लिहायची आणि झाकण लावण्याआधी आत सोडायची. एकदा आत गेलेली चिठ्ठी बाहेर काढायची नाही. चुकली तर दुसरी लिहून तिच्या शेजारी टाकायची. हा नियम त्यांना काम शिकवणाऱ्या गणपतरावांचा.

"तीन नंबर, मागचा मार्च," मेघानं वाचलं. "यात अकरा खडेवाले आहेत, काका. गोदामांच्या नाल्याखाली हे सापडत असतील तर ओढा सुधारून राहिला. पुढच्या महिन्यातल्या कार्यशाळेत मी हेच दाखवते."

खडेवाला हे नाव धम्मानंदांनीच पाडलेलं. ही पतंगासारख्या एका पाखराची पाण्यात राहणारी अळी. वाळूचे कण जोडून ती अंगाभोवती नळीसारखं घर बांधते, आणि पाणी बिघडलं की सगळ्यांत आधी नाहीशी होते. यंत्राला त्या दिवसाचं पाणी कळतं. तळाचे किडे गेल्या कित्येक महिन्यांचं सांगतात. म्हणून तर ओढ्यात उतरायचं, प्रवाहाकडे तोंड करून जाळी धरायची, पायानं तळ ढवळायचा आणि जाळीत आलेलं पांढऱ्या ट्रेमध्ये ओतून चिमट्यानं वेचायचं. मेघाला इथं रुजू होऊन सहा महिने झाले होते. वाडीच्या गोदामांमागचा तो ओढा तिनं पाहिलेला नव्हता.

धम्मानंद हात पुसत जवळ आले. बाटलीतली घरं गारगोटीच्या पांढऱ्या कणांची होती. तसे कण फक्त पुलाखाली, म्हणजे दोन नंबरच्या जागी मिळत. तीन नंबरला नुसता काळा गाळ. तिथं घर बांधायला एक खडा सापडला नसता.

मागच्या मार्चमध्ये त्यांचा गुडघा सुजला होता. गाळ मांडीपर्यंत होता आणि जीपचा ड्रायव्हर हॉर्न देत होता. त्यांनी पुलाखालीच दुसऱ्यांदा जाळी मारली आणि ती बाटली तीन नंबर म्हणून भरली. एवढ्या वर्षांत एकदाच, असं त्यांनी स्वतःला सांगितलं. त्याच नमुन्यांवरून एका अर्जाचं उत्तर गेलं. ओढा ज्या तलावात उतरतो तिथं मासे धरणाऱ्या कांताबाईनं पाण्याला वास येतो म्हणून अर्ज केला होता. उत्तर घेऊन धम्मानंदच गेले होते. तिला वाचता येत नव्हतं, म्हणून तलावाच्या पाळीवर बसून त्यांनी ते वाचून दाखवलं होतं. पाणी चांगलं आहे, दूषित असल्याचं आढळत नाही.

जूनमध्ये तलावातले मासे उलटे तरंगले. पेपरात चार ओळी आल्या. स्वच्छ ठरलेल्या ओढ्यावर पुन्हा जायची गरज कोणाला वाटली नाही. त्यांनीही कोणाला वाटू दिली नाही.

रविवारी त्यांनी स्कूटरला जाळी बांधली. असा गुडघा घेऊन सुटीच्या दिवशी कुठं निघालात, म्हणून त्यांच्या बायकोनं, मायानं हटकलं.

"एक काम राहिलं हाये," ते म्हणाले.

कांताबाई पाळीवर बसून गोदामाची फाटकी पोती शिवत होती. होडी तिच्यामागं पालथी पडली होती. तिनं त्यांना ओळखलं आणि हसली. आमचं पाणी पास झालं तेव्हापासून साहेब लोक इकडचा रस्ताच विसरले, म्हणाली. धम्मानंद पँट दुमडून ओढ्याच्या तोंडाशी, तीन नंबरच्या गाळाकडे निघाले तशी तिनं सुई थांबवली.

"तिकडं काहून उतरता जी भाऊ? तिकडं त म्हशीबी उतरत नाही."

ते उतरले. पाय रुतत गेले, गुडघ्यातून कळ मस्तकात गेली. त्यांनी पूर्ण तीन मिनिटं तळ ढवळला. वर येऊन ट्रे पाळीवर ठेवला. गाळ खाली बसला आणि पांढऱ्या तळावर लाल अळ्या वळवळू लागल्या. दुसरं काही नव्हतं.

"काय निघालं?" तिनं वाकून विचारलं.

"मेलेल्या पाण्यात राहते ते. मागच्या सालीबी हेच निघालं असतं. पण मी इथं उतरलोच नव्हतो, बाई. पुलाखालचं भरलं, अन् तुमाले चांगलं म्हणून वाचून दाखवलं."

तिनं ट्रे जवळ ओढला आणि वास घेतला. शिव्या ऐकायची त्यांची तयारी होती.

"वास मले येत होता," ती म्हणाली. "आमची पिंकी म्हणे, आई, ही मासोळी इकू नोको. मी तिलेच रागावली. म्हणलं, सरकारच्या कागदापेक्षा तुहं नाक मोठं हाये काय? मंग मलेच वाटे, माहं नाक खोटं असन."

आता काय करणार, असं तिनं विचारलं. लिहून देतो, ते म्हणाले. नोकरीचं काय, यावर निवृत्तीला दोन महिने उरलेत, एवढंच त्यांनी सांगितलं. चौकशी लागली तर पेन्शनचं काय, ते तिनं विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही.

ती उठली, घरात जाऊन बादली घेऊन आली आणि त्यांच्या पायांपुढे ठेवली.

"हापशीचं हाये. धुऊन घ्या."

सोमवारी मेघा यायच्या आत त्यांनी मागच्या मार्चची बाटली उघडली. जुनी चिठ्ठी तशीच राहू दिली. दुसरा कागद घेऊन पेन्सिलीनं लिहिलं: हा नमुना पुलाखालचा. तीन नंबरवर उतरलो नाही. धम्मानंद बळीराम रामटेके. खाली तारीख टाकली, कागद आत सोडला, झाकण घट्ट केलं. ती बाटली आणि शेजारी लाल अळ्यांची नवी बाटली मेघाच्या टेबलावर ठेवली.

मग नळ सोडून ते ट्रे धुवायला लागले. नखांतला गाळ अजून निघाला नव्हता.

मेघा आली, पर्स खुर्चीला अडकवली आणि बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. धम्मानंदांनी नळ बंद केला. ट्रे खाली ठेवून, ओले हात तसेच ठेवून ते तिच्याकडे तोंड करून उभे राहिले.