पहिल्या रँकची जागा

देऊळघाटला संजीवनी मॅडमच्या दहावीच्या क्लासमध्ये पोरं रँकप्रमाणे बसायची. दर चाचणीनंतर जागा बदलायच्या. पहिल्या आलेल्याला खिडकीजवळचा पहिला बाक मिळायचा. जूनपासून तो बाक समीक्षाचा होता. घरी भाजीपाल्याचा मळा. सकाळी जुड्या बांधूनच ती क्लासला यायची, त्यामुळे तिच्या हातांना कोथिंबिरीचा, म्हणजे तिकडच्या सांबाराचा, उग्र वास असायचा.

पोळ्यानंतर तिला डेंग्यू झाला आणि बघता बघता पोर गेली.

पुढच्या चाचणीत दीपक पहिला आला. मॅडमनी सवयीनं त्याला पहिल्या बाकावर बसायला सांगितलं. तो बाकापाशी जाऊन थबकला.

"मॅडम, इथं सांबाराचा वास येऊन राह्यला. समीक्षाच्या हाताले यायचा तसा."

कोणी हसलं नाही. दीपक नाइलाजानं बसला. त्याच आठवड्यात त्याला ताप भरला. साधाच होता, उतरलाही; पण पोरांनी काय समजायचं ते समजून घेतलं.

त्यानंतरच्या चाचणीत सगळ्यांचे मार्क कोसळले. पेपर तपासता तपासता मॅडमचा पेन थांबला. दीपकच्या मागच्या बाकावरच्या छकुलीनं बरोबर उत्तरं खोडून शेजारी चुकीची लिहिली होती, तीही वळणदार अक्षरात. मॅडमनी तिला बाजूला घेतलं.

"काऊन खोडलं गं?"

"मले पहिलं नाही यायचं." छकुलीची नजर पायांवर होती. "तुम्हीच सांगतलं होतं ना मॅडम, रँक म्हणजे शिपायांची रांग. समोरचा पडला का मागचा त्याच्या जागी सरकते."

जूनमध्ये इंग्रजीतला 'रँक' हा शब्द शिकवताना मॅडमनी खरंच तसं सांगितलं होतं.

दुपारी घरी येऊन त्यांनी जाडा इंग्रजी शब्दकोश उघडला आणि 'रँक' काढला. त्याच स्पेलिंगचा आणखी एक शब्द होता, पण वेगळ्या कुळातला. आधी त्याचा अर्थ ताठ, गर्विष्ठ असा होता. मग माजलेलं रान. आणि पुढे उग्र वासाचा. वर्ग झाडताना कोथिंबिरीचा तो वास मॅडमनाही यायचा. त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं.

मग रांगेच्या शब्दाचं मूळ शोधत मागे गेल्या. सगळ्यात जुना अर्थ होता गोल, कडं. रांग नंतरची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बाक व्हरांड्यात काढले आणि सतरंजी अंथरली.

"आजपासून गोल बसायचं. रँक हा शब्द मुळात गोलातूनच आला."

"मग पहिला कोण, मॅडम?" दीपकनं विचारलं.

"कोणीच नाही."

पोरं बसली. दीपक आणि छकुलीच्या मधे एका माणसापुरती जागा सुटली होती.

"सरकून बसा जरा."

"सरकता नाही येत, मॅडम," छकुली हळूच म्हणाली. मॅडमनी पुन्हा सांगितलं नाही. पुस्तक उघडून धडा सुरू केला.

दीपकचे वडील वामनराव तावातावानं आले. "रँकच नाही, तं क्लास कायचा?" म्हणाले आणि पोराला घेऊन गेले. बाकीची टिकली. नंबर लावणं बंद झालं, तशी खाडाखोडही थांबली. चाचण्यांचे मार्क मॅडम एकेकाला कानात सांगायच्या.

बोर्डाचा निकाल लागला आणि छकुली गावात पहिली आली. आईसोबत ती भर उन्हात पेढे घेऊन मॅडमच्या घरी आली. आई हसत होती. छकुली मात्र उंबऱ्याशीच उभी राहिली.

"मॅडम, आता मले कुठं बसा लागन?"

"माझ्याजवळ," म्हणत मॅडमनी तिला दिवाणावर ओढून घेतलं.

पोरीचा हात कढत लागला. उन्हातून आली म्हणून असेल, असं मॅडमनी स्वतःला सांगितलं. छकुलीची आई पेढ्यांचा पुडा सोडत होती. मॅडमनी पेढा डाव्या हातानं घेतला. उजव्या हातात छकुलीचा हात होता, तो त्यांनी सोडला नाही.