केक कोणी आणायचा

आम्हा डच लोकांत ज्याचं यश त्यानंच केक आणायचा. त्याच्या हातून तुकडा घ्यायचा आणि अभिनंदन म्हणायचं, हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. म्हणून मंगळवारी आमच्या प्रयोगशाळेत योरित केक कापताना दिसला तेव्हा माझं डोकंच फिरलं.

योरित आमच्या गटात आला या वसंतात. त्याआधी दोन वर्षं माझी सहकारी मार्लूस एकटी सूक्ष्मदर्शकाला डोळे लावून बसलेली. दोन मीटर डीएनए एवढ्याशा पेशीत मावतो, कारण इंजिनासारखं एक प्रथिन तो धागा खेचून वेटोळी करतं, असं सगळे नुसतं म्हणत. मार्लूसनं धाग्याची दोन्ही टोकं काचेला चिकटवली, मधला भाग सैल सोडला आणि वेटोळं वाढताना डोळ्यांनी पाहिलं.

"काचेवरची घाण आहे ती," आमचा प्राध्यापक वाउटर म्हणाला.

तिनं प्रथिनाचं इंधन काढलं, तशी वाढ थांबली. परत घातलं, तशी सुरू झाली. घाण अशी वागते का? योरितनं पुढे त्या चित्रफिती फक्त उजळ केल्या. पण रविवारी वाउटरबरोबर होडी वल्हवायला जायचा तोच.

"शोधनिबंधावर पहिलं नाव योरितचं," वाउटरनं त्या केकपाशीच सांगून टाकलं. "मार्लूस दुसरी. चालेल ना गं?"

पहिल्या नावावरच तिची पुढची नोकरी ठरणार होती. ती बाहेर गेली.

"रुसली वाटतं," योरित म्हणाला.

"तू तोंड आवर," मी म्हणाले.

मार्लूस परतली ती कोपऱ्यावरच्या बेकरीतून सफरचंदाचा केक घेऊन. तिनं तो योरितच्या केकशेजारी ठेवला. एका यशाचे दोन केक आम्ही कधी पाहिले नव्हते. तिनं पहिला तुकडा वाउटरपुढे धरला.

"हा कशाबद्दल?"

"वेटोळं मी पाहिलं म्हणून. पटत नसेल तर खाऊ नकोस."

वाउटर हलेना. "आण इकडे, उगाच तमाशा नको," म्हणत योरितनं बशी घेतली, आणि जन्माच्या सवयीनं बोलून गेला, "अभिनंदन, मार्लूस."

"कशाबद्दल रे?" मी विचारलं. "सांग की, सगळे ऐकताहेत."

त्यानं बशी टेबलावर ठेवली. टेबलाभोवतीचे एकेक उठले आणि तुकडा घेऊन अभिनंदन करायला मार्लूसपुढे रांगेत उभे राहिले. शेवटी वाउटरनंही अभिनंदनाचा हात पुढे केला. तिनं तो धरला, पण सोडला नाही.

"आणि पहिलं नाव?"

त्यानं रांगेकडे पाहिलं. "तुझं," तो म्हणाला. मग तिनं हात सोडला.