पालथे कंद

मास्तरांनी दिलेले बारा कंद मोजणीदारांनी जमिनीत उलटे लावले, ते काही चुकून नव्हे.

मोजणीदारांनी उभा जन्म लोकांच्या जमिनी मोजण्यात घालवला होता. कुणाची हद्द कुठे किती सरकलीय, हे त्यांना नुसत्या नजरेने कळे. आणि निवृत्त होऊन घरी बसल्यावर त्यांच्या लक्षात आलं की मास्तरांची हद्द सरकतेय.

मास्तर म्हणजे शेजारचे, शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेले, एकटे. दोन्ही बागांच्या मध्ये गुडघ्याएवढी भिंत. तिच्यावरून आधी रोपं आली, मग खत, मग गप्पा. घरात बायकोचं बोलणं म्हणजे "हं", "बरं" आणि "जेवायला वाढू का?" भिंतीपाशी मात्र तिला हसू आवरत नसे.

"हे ग्लॅडिओलस, वहिनी," मास्तर म्हणाले. "थंडीत टिकत नाहीत. माती हाताला ऊबदार लागली की लावा. टोक वर, चपटी बाजू खाली."

"रंग कुठले हो?"

"ते नाही सांगणार. उमलल्यावर बघा."

नाही सांगणार! खिडकीतल्या मोजणीदारांनी हातातला पेपर मिटला. लग्नाला चौतीस वर्षं झाली, पण असलं लाडिक काही आपल्याला कधी सुचलं नाही.

लावायच्या दिवशी नेमकी बायकोची कंबर धरली, तिला वाकवेना. "मी लावतो," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"खड्डे खणायला चित्रकला लागत नाही."

त्यांनी दोरी ताणली, टेप धरला आणि बारा खड्डे असे आखले की एक सुतभर इकडेतिकडे नाही. मग एकेक कंद टोक खाली करून ठेवला आणि वर माती लोटली. शेजारी बायकोच्या जुन्या कंदांची ओळ लावायची होती. ती मात्र सुलट लावली.

तीन आठवड्यांत जुन्या ओळीत हिरवी पाती आली. नवी ओळ भुंडी. बायको रोज सकाळी वाकून बघायची. दोन दिवसांनी मास्तरही भिंत ओलांडून आले आणि तिच्याशेजारी उकिडवे बसून बघू लागले. मग रोजचंच झालं. मोजणीदार खिडकीतून दोघांच्या पाठी बघत आणि स्वतःवरच दात खात.

पण कंदाला वर कुठे आणि खाली कुठे हे स्वतःचं स्वतःला कळत असावं. आणखी महिन्याभरात बाराही उगवले. जुनी ओळ फुलून ओसरली तेव्हा हे कुठे कळ्यांवर आले होते. जांभळे, केशरी, एक तर जवळजवळ काळा. रस्त्याने जाणारे थांबून बघू लागले.

"तुमच्या हाताला गुण आहे हो," बायको म्हणाली. दांड्यांना काठ्या बांधताना तिने त्यांनाच हाक मारली. संध्याकाळी चहा बागेत, दोघांचाच. मोजणीदारांना जन्मात असा चहा मिळाला नव्हता, पण तो पिताना त्यांचा डोळा त्या ओळीवरून हलत नव्हता. कारण थंडीच्या आत हे कंद उकरून काढावे लागणार होते.

पानं पिवळी पडली. "मी एकटा उकरतो," ते म्हणाले.

"छे, मास्तरांना बोलावलंय. निम्मे त्यांना द्यायचेत."

पहिलंच रोप निघालं. जुना सुरकुतलेला कंद पालथा, त्याच्या खाली गेलेल्या टोकाला नवा कंद धरलेला, आणि तिथून निघालेला दांडा आकड्यासारखा वळून वर आलेला. दुसरं तसंच. तिसरंही.

"हे काय?" बायको म्हणाली.

मास्तरांनी कंद पाहिला. मग मोजणीदारांकडे पाहिलं. "उंदीर," ते म्हणाले. "उंदीर उलथेपालथे करतात, वहिनी."

"बाराच्या बारा? एका ओळीत?"

"शिस्तीचे असतील."

सुटलो, असं मोजणीदारांना वाटलं. पण क्षणभरच. मग कळलं, की उद्यापासून आपली अब्रू या माणसाच्या खिशात राहणार. तो भिंतीपाशी हसेल आणि आपण त्याचे मिंधे.

"उंदीर कसले," ते म्हणाले. "मी लावले तसे. मुद्दाम."

"अहो, पण का? महिनाभर रोज तिथे वाकून बघत होते मी!"

"एकटी कुठे होतीस?"

मास्तर खाकरले. "दूध ठेवलंय गॅसवर," असं पुटपुटत ते भिंत ओलांडून गेले. आपले सहा कंद न्यायचंही त्यांना भान राहिलं नाही.

बायको मातीच्या हातांनी तशीच उभी होती. तिने भिंतीकडे पाहिलं, नवऱ्याच्या लाल झालेल्या कानांकडे पाहिलं, आणि तिला हसू फुटलं. आवरेना. हातातला पालथा कंद पुढे करून ती काही बोलायला जाई आणि पुन्हा हसे.

हसत होती ती त्यांनाच, त्यात शंका नव्हती. पण भिंतीच्या अलीकडे, आणि त्यांच्याकडे तोंड करून.

"सहा कंद त्यांचे," ती अखेर डोळे पुसत म्हणाली. "तुम्हीच नेऊन द्या."

मोजणीदारांनी सहा निवडले. त्यातला सगळ्यात थोराड परत आपल्या खोक्यात टाकला, त्याजागी एक बारका उचलला, आणि ते भिंतीकडे निघाले.

"तो मोठाही द्या," मागून आवाज आला.